कुलपातली धार

स्कॉटलंडच्या आयला बेटावर व्हिस्कीच्या एका डिस्टिलरीत मी जे पाहिले, त्यात मला सर्वाधिक चक्रावून टाकले ते एका कुलपाने. तिथे दुसऱ्या ऊर्ध्वपातनाची धार काचेची तावदाने असलेल्या कुलूपबंद पितळी पेटीतून वाहते आणि भट्टीवरच्या कामगाराला तिचा थेंबही चाखता येत नाही. करचुकवेगिरी रोखण्यासाठी १८२० च्या दशकात अशा पेट्या आल्या. आतले तापमान आणि मद्याची घनता पाहून कामगार बाहेरूनच दांडा फिरवतो. सुरुवातीचा उग्र आणि शेवटचा तेलकट भाग पुन्हा भट्टीकडे जातो, मधला तेवढा पिंपासाठी राखला जातो. जिभेचा निर्णय केवळ डोळ्यांवर सोपवणाऱ्या या शिस्तीचे मला मनापासून कौतुक वाटते, जरी तिच्या मुळाशी सरकारचा अविश्वास असला तरी.

त्याआधीचे काम आपल्याला परके नाही. बार्ली मटकीसारखी भिजवून मोड आणायचे, दगडी फरशीवर पसरून लाकडी फावड्यांनी परतत राहायचे आणि पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या वनस्पतींच्या मातीसारख्या इंधनाच्या, धुरावर वाळवायचे. हे स्वतः करणाऱ्या डिस्टिलऱ्या आता थोड्याच उरल्या आहेत. पुढे ती दळून गरम पाण्यात गोडवा उतरवतात आणि यीस्ट घालून आंबवतात.

मात्र ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे राहिल्याखेरीज त्या मद्याला व्हिस्की म्हणता येत नाही. याच नियमाच्या बळावर एका स्थानिक परिचिताने आपल्याकडच्या व्हिस्कीला मळीची दारू ठरवले. स्वस्त बाटल्यांपुरते ते खरे आहे, म्हणूनच मला अधिक झोंबले. मी लगेच गोवा पुढे केला: काजूच्या बोंडांच्या रसाचा उर्राक पुन्हा भट्टीवर चढवल्याशिवाय फेणी होत नाही, आणि तिथे सिंगल माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीपासून एकाच डिस्टिलरीत केलेली व्हिस्कीही बनते. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के मद्य उडून जाते, तर गोव्याच्या उकाड्यात त्याच्या कितीतरी पट. साहजिकच लाकूडही तिथे लवकर भिनते. मग दोन्हीकडची वर्षे सारखी का मोजायची?

परिचित हे शांतपणे ऐकून घेतो आणि बाटलीवर वय किती छापले आहे, एवढेच विचारतो. गोव्याच्या बऱ्याच बाटल्यांवर ते नसते. आता आयलाच्याही काही बाटल्यांवर नसते, हे मी त्याला दर वेळी आठवणीने सांगतो.