मधली वर्षं

नंदू चांगल्याच मनाने बोलला, त्यात शंका नाही. फोनवर आधी त्याचं नेहमीचं रडगाणं झालं. तालमीला हॉल मिळत नाही, लाइटवाला पोरगा पुण्याला नोकरीला लागला, फी वेळेत भरायचीय. आणि मग ठेवता ठेवता म्हणाला, "अगं, तो इयन होम बघ. भर नाटकात ब्लँक झाला, पळाला, सिनेमात जाऊन बसला. पण शेवटी परत आला की नाही? लिअर केला, सर झाला. नाहीतर तू!"

रागावण्यासारखं यात काही नाही. तरी तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. भाजी फोडणीला टाकताना, कपडे वाळत घालताना मी मनात नंदूशी भांडतेय. आणि भांडण माझ्याबद्दल नाहीये, इयन होमबद्दल आहे! ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "कोण, तो बिल्बो ना?" आणि पेपर उलटला.

हो, तोच बिल्बो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' सिनेमातला म्हातारा. मूळचा लंडनच्या रंगभूमीवरचा इंग्रज नट.

नंदूची गोष्ट कशी, तर पडला, उठला, जिंकला. मधलं सगळं गाळून. मला खुपतंय ते बहुतेक हेच गाळणं. कारण त्या माणसाचं मधलंच तर बघण्यासारखं आहे. आम्ही लोकांनी जे काही त्याचं पाहिलंय ते बहुतांशी त्या गाळलेल्या वर्षांतलं आहे. लंडनच्या नाटकाचं तिकीट कोणी काढलं होतं इथे?

तो प्रसंग १९७६ चा. रॉयल शेक्सपिअर कंपनी, लंडनचं ऑल्डविच थिएटर, ओ'नीलचं 'द आइसमन कमेथ'. चार तासांच्या वर चालणारं नाटक. होमकडे हिकीचं काम. हिकी म्हणजे फिरता विक्रेता. दारूच्या गुत्त्यात बसलेली सगळी माणसं पहिला अंकभर त्याची वाट बघतात, आणि तो येतो ते सगळ्यांना त्यांच्या भ्रमातून बाहेर काढायचा विडा उचलून. चौथ्या अंकात त्याचं जे बोलणं सुरू होतं ते पानंच्या पानं संपत नाही. प्रीव्ह्यू, म्हणजे शुभारंभाआधीचे प्रयोग, चालू होते. एका प्रयोगात होम रंगमंचावरून आत गेला आणि पुन्हा बाहेर आलाच नाही. मेकअप रूममध्ये जमिनीवर अंगाचं मुटकुळं करून पडलेला सापडला, असं सांगतात. नंतर त्याने स्वतः सांगितलं ते असं की एकाग्रता एकदा तुटली की मेंदू मिटत जातो, तुरुंगातले दरवाजे एकामागून एक धाडधाड लागावेत तसा.

आणि हा काही पहिलटकर नव्हता. १९५४ ला स्ट्रॅटफर्डला भालदार-चोपदारांच्या रांगेत उभं राहण्यापासून सुरुवात केलेली. १९५९ ला 'किंग लिअर'मध्ये चार्ल्स लॉटनच्या राजा लिअरसमोर विदूषक. पुढे शेक्सपिअरच्या राजांच्या नाटकांत तिसरा रिचर्ड, पाचवा हेन्री. उंची बेताची, पण रंगमंच भरून टाकणारा म्हणून नाव झालेलं. नाटककार पिंटरच्या 'द होमकमिंग'मधला लेनी त्याने लंडनला केला, ब्रॉडवेला केला, १९६७ चं टोनी, तिकडचं मोठं नाट्य-पारितोषिक, घेऊन आला. बावीस वर्षांची बैठक होती. पाठांतर कच्चं म्हणून झालं असं म्हणायची सोयच नाही.

मला तेच जास्त भीतीदायक वाटतं. तयारी करून भीती जात असती तर प्रश्नच नव्हता.

माझ्या बाबतीत तर तसं काही घडलेलंही नाही. मी कधी ब्लँक झाले नाही. बाबांचं ते सगळं झालं, मग नाशिकला बदली, आणि मग नाटक राहूनच गेलं. राहून गेलं तेव्हा भीती नव्हती. ती नंतर कधीतरी येऊन बसली, रिकाम्या खुर्चीत बसावी तशी, आणि आता उठायला तयार नाही. होमच्या भीतीला निदान साल आहे, थिएटरचं नाव आहे. माझी नुसतीच. परवा नंदूने पानं पाठवली. मावशीचं काम, दोन प्रवेश, मोजून पाहिलं तर फार काही बोलायचंही नाही. मी पहिलं वाक्य मोठ्याने वाचायला गेले आणि जीभ टाळ्याला चिकटली. घरात कोणी नव्हतं. कोणासमोर लाजले मग?

असो. होमचं लिहीत होते.

१९७९. रंगमंचावरून गेल्याला तीन वर्षं. 'एलियन' येतो. त्यातला अ‍ॅश, अंतराळयानावरचा वैज्ञानिक अधिकारी. तो माणूस नाही, यंत्र आहे हे बऱ्याच उशिरा कळतं. पण काल मी पुन्हा लावून बघितला तर तो आधीपासून सांगतोय. एका ठिकाणी तो एकटाच काचेच्या घुमटात बसलाय, बाकीचे बाहेर त्या ग्रहावर उतरलेत. त्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही. आणि हा हातावर फुंकर मारतो, उठून जागच्या जागी दोन-चार पावलं पळतो. थंडीत माणसं करतात तसं. यंत्राला कसली थंडी? एक जण माणसाचं काम करतोय आणि कोणी बघत नसतानाही त्याची तालीम चालू आहे. मी तेवढाच तुकडा तीनदा मागे नेऊन बघितला. पुढे त्याचं मुंडकं धडावेगळं होतं, तोंडातून दुधासारखं पांढरं गळत असतं, आणि ते मुंडकं शांतपणे बोलतं. लोकांना ते लक्षात राहतं. मला ती चार पावलं.

त्याच वर्षी, हे नंदूला माहीत नसणार, तो हॅम्पस्टेडच्या छोट्या थिएटरात चेकॉव्हच्या 'अंकल वान्या'तही उभा राहिला होता. म्हणजे एकदा जाऊन बघून आला. आणि पुन्हा लांब राहिला. ही गोष्ट 'पडला-उठला'मध्ये कुठे बसवायची? जिने चढताना मधल्याच पायरीवरून उतरून आलेल्या माणसाची गोष्ट कोणी सांगत नाही.

मग १९८१. बीबीसी रेडिओवर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची मोठी मालिका झाली, त्यात फ्रोडोचा आवाज ह्याचा. (वीस वर्षांनी सिनेमात हाच फ्रोडोचा म्हातारा बिल्बो झाला. हे ह्यांना सांगायला हवं, पेपर खाली ठेवतील.) आणि त्याच वर्षी 'चॅरियट्स ऑफ फायर' हा सिनेमा.

त्यातला सॅम मुसाबिनी मी आज रात्री पुन्हा बघितला. आवाज कमी करून, सगळे झोपल्यावर. मुसाबिनी हा धावपटू हेरॉल्ड एब्रहॅम्सचा प्रशिक्षक, पण पैसे घेऊन शिकवणारा, म्हणजे त्या काळच्या हौशी सभ्य लोकांच्या जगात कमअस्सल. १९२४ ची पॅरिस ऑलिंपिक. शिष्य शंभर मीटर पळणार, आणि गुरू स्टेडियममध्ये नाही. जवळच्या हॉटेलच्या एका साध्या खोलीत बसलाय. शर्यत होऊन गेली तरी ह्याला निकाल माहीत नाही. मग राष्ट्रगीताचे सूर येतात. खिडकीतून झेंडा वर चढताना दिसतो. होम काय करतो? फारसं काही करत नाही. उभा राहतो, पलंगावर बसतो, हातातल्या गवती हॅटच्या टपावर मूठ मारतो आणि ती आरपार जाते. बस. एवढ्यासाठी त्याला बाफ्ता मिळालं, कान महोत्सवात पारितोषिक मिळालं, ऑस्करला नामांकन झालं. ऑस्कर मात्र जॉन गिलगुडला गेलं, बटलरच्या भूमिकेसाठी. रंगभूमीचा एवढा मोठा राजा, आणि बटलर होऊन ऑस्कर नेलं! ह्या इंग्रजांचं काही सांगता येत नाही.

पण ती खोली. बाहेर हजारो लोक ओरडतायत आणि हा भिंतीच्या अलीकडे. ऑल्डविचनंतर चार-पाच वर्षांनी हा माणूस हे करतोय. मला तो प्रवेश बघताना स्टेडियम दिसतच नाही, थिएटर दिसतं. आतल्या टाळ्या बाहेर ऐकू येतात ना, तशा. आमच्याकडे भावे नाट्यमंदिराच्या मागच्या बाजूने गेलं की प्रयोग चालू आहे हे हशावरून कळायचं. मी मुद्दाम तिथून जायची नाही. लांबचा रस्ता घ्यायची. ते एक असो.

इथे मला खरं म्हणजे त्याचा हेवा वाटायला लागला. त्याला निदान कॅमेरा होता. कॅमेऱ्यापुढे अडलं तर 'कट' म्हणतात, पुन्हा घेतात, चहा येतो. तुटलेलं काम दुसऱ्या दाराने चालू ठेवता आलं त्याला. 'ब्राझील', ब्रॅनाच्या 'हेन्री द फिफ्थ'मधला फ्लुएलन, झेफिरेलीच्या 'हॅम्लेट'मधला पोलोनियस. शेक्सपिअर सोडला नाही, फक्त प्रेक्षक सोडले. मला काय होतं? डबे, बाबांच्या गोळ्यांच्या वेळा, बँकेची क्लोजिंगं. मला कोणी 'कट' म्हटलं नाही. चहा मीच करत होते.

हे लिहिलं आणि वाचून मलाच हसू आलं. वीणा असती तर म्हणाली असती, तुलनेला माणूस तरी जवळपासचा घे गं. तिकडे टोनी, बाफ्ता, सर. इकडे राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचं अभिनयाचं गुणवत्ता प्रमाणपत्र. तेही लॅमिनेट केलेलं, एक कोपरा वाळवीने खाऊन मग केलेलं. कपाटावरच्या बॅगेत आहे. बिचाऱ्या होमला माझ्या स्वयंपाकघरात उभं करून मी जाब विचारतेय, की तुला कॅमेरा का मिळाला!

तर तो परत कसा आला. नंदू म्हणतो 'लिअर केला'. लिअर नंतरचा. आधी १९९३, अल्मेडा थिएटर, पिंटरचं 'मूनलाइट'. पिंटरनेही तेव्हा बऱ्याच वर्षांनी पूर्ण लांबीचं नाटक लिहिलं होतं, म्हणजे दोघेही लांबून चालत आलेले. पण भूमिका कुठली? अ‍ॅन्डी नावाचा मरणाला टेकलेला सरकारी नोकर, जो पूर्ण नाटकभर अंथरुणाला खिळलेला आहे! रंगमंचावरून ज्याचे पाय निघून गेले होते तो परत आला तो आडवा. चालत एंट्री घ्यायचीच नाही. पडदा वर जाताना आधीच तिथे. किती शहाणपणाचं आहे हे! हे कोणी ठरवून केलं असेल-नसेल, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. पळून गेलेल्याने छाती पुढे काढून परत यायचं असतं हे कुणी ठरवलं? उशीला टेकून यावं.

आणि मग १९९७ चा लिअर. नॅशनल थिएटर, पण मोठं सभागृह नाही, तिथलं सगळ्यात लहान कॉटस्लो, जिथे प्रेक्षक अगदी जवळ, तोंडासमोर. दिग्दर्शक रिचर्ड आयर. वादळाच्या प्रवेशात हा पासष्टीचा बुटका म्हातारा अंगावरचं सगळं उतरवून उघडा उभा राहायचा. लॉटनच्या वेळी ज्याने विदूषक म्हणून राजाची चेष्टा केली तोच अडतीस वर्षांनी राजा. ऑलिव्हिए पुरस्कार, दुसऱ्याच वर्षी सर. बीबीसीने तो चित्रित केला म्हणून आपल्याला बघता तरी येतो. मला आवडला तो त्याचा राग. आभाळाशी भांडणारा राजा नाही तो. घरातला, पोरींनी उलट उत्तर दिलं म्हणून तडकणारा, आणि तडकल्यावर स्वतःच घाबरणारा.

ती भीती मी ओळखते. अभिनयातली म्हणत नाही. डोळ्यांत एक क्षण येते आणि जाते. बिल्बोमध्येही आहे. रिव्हेंडेलला फ्रोडोच्या गळ्यात ती झपाटणारी अंगठी दिसते, त्याचा चेहरा निमिषभर भुतासारखा होतो, आणि लगेच हा म्हातारा स्वतःलाच घाबरून मागे सरतो. सिनेमावाल्यांनी भुताचा चेहरा केला असेल. मागे सरणं होमचं.

म्हणजे भीती गेली नव्हती. लिअर करूनही गेली नसणार. ती गेली की मग काम करू, असं जर त्याने ठरवलं असतं तर २०२० च्या जूनपर्यंत, सगळी थिएटरं बंद असताना अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तो गेला तोपर्यंत, बसूनच राहिला असता. नंदूला हे सांगावं का? नको. तो म्हणेल, "तेच तर म्हणतोय मी!" आणि ते तो म्हणत नाहीये, पण रात्री साडेअकराला कोण वाद घालणार.

उद्या सातला वाचन आहे. प्रॉम्प्टिंगला पिंकी बसणार आहे म्हणे, जिला विंगेतून वाक्य देताना स्वतःलाच हसू फुटतं. मावशीची पानं उशाशी घेतली आहेत, चष्मा सापडत नाही. नंदूला एकच विचारायचंय, की ह्या मावशीला निदान पहिल्या प्रवेशापुरतं आजारी पाडता येईल का. कथानकाला काही धक्का लागत नाही, मी बघितलंय. आणि पलंग आमच्याकडचा देईन, घडीचा आहे, टेम्पोही लागायचा नाही.