जर्मनीतलं भाडं आणि अडकलेलं डिपॉझिट : माझा अनुभव

ड्रेस्डेनचं शिक्षण संपवून मी रत्नागिरीला परतले, तरी डिपॉझिटचे १२०० युरो घरमालकाकडेच होते. परवा ते एकदाचे जमा झाले. राग मात्र अजून गेलेला नाही. आपल्याकडची बरीच मुलं आता तिकडे शिकायला, नर्सिंगला निघाली आहेत, म्हणून लिहिते.

जाहिरातीत भाड्याचे दोन आकडे दिसतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं; माझं ४०० युरो होतं. वार्ममीटेत पाणी, हीटिंग, कचरा, जिन्याची झाडलोट असे वरखर्च, म्हणजे नेबेनकोस्टेन धरतात. ते धरून ५३०. वीज आणि इंटरनेट बहुधा वेगळंच. शिवाय रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही नसला तरी. ती माणशी नसून घरटी असते, तेव्हा तिघी राहत असाल तर एकीनेच भरायची. डिपॉझिट काल्टमीटेच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही आणि तीन मासिक हप्त्यांत देता येतं. माझं बाबांनी आंब्याच्या पैशांतून एकरकमी भरलं होतं, म्हणून ते अडकल्याचं मला फार लागलं.

अडकलं ते नेबेनकोस्टेनपायी. दरमहा भरतो तो फक्त अंदाज. खरा हिशेब वर्ष संपल्यावर होतो आणि तो द्यायला मालकाला १२ महिन्यांची मुदत असते. या मुदतीचं कारण सांगून त्याने सगळी रक्कम धरून ठेवली. घराला ओरखडा नव्हता, चाव्या देताना खोल्यांची स्थिती आणि मीटरचे आकडे लिहून दोघांच्या सह्या झाल्या होत्या. (हा कागद कराच, तोच कामी येतो.) बाकी निघेल असं वाटतं तेवढा वाजवी भाग त्याला ठेवता येतो, सगळं डिपॉझिट नाही. मी तसं कळवलं. उत्तर एकच, हिशेब आला की बघू.

हिशेब आला तो माझ्याकडेच ३१० युरो बाकी दाखवत. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले आणि बाबा ऐकत गेले. वाशीच्या दलालाची पट्टी, त्यातली हमाली, तोलाई, गाडीभाडं, हे तपासण्यात त्यांचा जन्म गेलाय. दोन ओळींवर ते थांबले: कठड्याची दुरुस्ती आणि व्यवस्थापन खर्च.

"हे त्याच्या घराचं काम. आपल्या माथी कशाला? पावत्या माग त्याच्याकडे."

कायदाही हेच सांगतो. दुरुस्ती आणि व्यवस्थापनाचा खर्च नेबेनकोस्टेनमध्ये घालता येत नाही आणि पावत्या पाहणं हा भाडेकरूचा हक्क आहे. मी तिथल्या भाडेकरू संघाची, मीटरफेराइनची, सभासद होते. त्यांच्या पत्रात हे सगळं आलं आणि मालकाने दोन्ही ओळी काढल्या. उरलेली किरकोळ बाकी वळती करून डिपॉझिट व्याजासह आलं. बाबांचा मला फार अभिमान वाटला.

परतताना तिथलं बँक खातं लगेच बंद करू नका. माझे पैसे त्यातच आले. आणि घर बघताना स्वयंपाकघर आहे का ते विचारा. बऱ्याच घरांत ओटा, सिंक काहीच नसतं; आधीचा भाडेकरू ते विकायला काढतो आणि त्याचे पैसे डिपॉझिटच्या वर लागतात. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्यासाठी मालकाच्या सहीचं पत्र लागतं, ते चावी घेतानाच मागून घ्या.