पित्ताशयातला 'ता'

२००३ साली नाशकात मी मेडिकल ट्रान्सक्रिप्शनला लागले, म्हणजे डॉक्टरांनी बोलून रेकॉर्ड केलेले रिपोर्ट ऐकून टाईप करायचे. रात्रपाळी, कानाला हेडफोन, पायाखाली रेकॉर्डिंग मागेपुढे करायचं पेडल आणि पलीकडे घाईत बोलणारा कुणीतरी अमेरिकन डॉक्टर. बीएस्सी झालेली, इंग्रजी बरं. तरी पहिल्या आठवड्यात माझ्या फायलींत शब्दांपेक्षा ब्लँकच जास्त.

एका रात्री नुसतं 'टेक्टमी' कळलं. पेडल मागे, पुन्हा मागे. शेजारच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, शेवटाकडून सोलत ये." एक्टमी म्हणजे कापून काढणं. (ऑटमी म्हणजे नुसता छेद, ऑस्टमी म्हणजे शरीराला नवी वाट करून देणं. पेशंटला विचारा फरक किती ते!) सिस्ट म्हणजे पिशवी, कोले म्हणजे पित्त. कोलेसिस्टेक्टमी! पेशंट बाईंचं पित्ताशय काढलं होतं.

म्हणताना मात्र हा शब्द को-ले-सिस्-टेक्-ट-मी असा तुटतो, जोर 'टेक्'वर. 'सिस्ट'मधला ट पुढच्या घरी जाऊन बसलेला. मग मला आपलं पित्ताशयच आठवलं. पित्त अधिक आशय, पण तोंडात पित्-ता-शय. सांधा त्या 'ता'त बुडालेला. शाळेत 'संधी सोडवा'ला मी रडायचे, ते असं उपयोगी पडलं.

जोराचं प्रकरण अवघड. आपण 'फोटोग्राफी'तल्या सगळ्या अक्षरांना सारखा मान देतो. तिकडे फोटोग्राफमध्ये जोर 'फो'वर. फोटोग्राफीत तो 'टॉ'वर सरकतो आणि बिचाऱ्या 'फो'चा नुसता 'फ' उरतो. फोटोग्राफिकमध्ये आणखी पुढे, 'ग्रॅ'वर. शेवटी 'इक' आलं की जोर बहुधा त्याच्या लगेच आधीच्या अक्षरावर, एवढं मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं होतं.

पण हायपोटेन्शन आणि हायपरटेन्शनला वही काय करणार? दोन्हीकडे जोर 'टेन्'वर. रक्तदाब उतरलाय की चढलाय हे ज्या 'पो' नि 'पर'वर ठरतं, तेच डॉक्टर गिळणार. मी एकदा बेधडक 'हायपर' टाईप केलं. पुढच्याच ओळीत आकडा होता ८०/५०, म्हणजे दाब उतरलेला. फाईल परत आली, वर एडिटरचा शेरा: 'आपण टाईप करतो ते वाचतो का?'

त्यानंतर हा शब्द आला की मी ब्लँक सोडायचे, आकडा येईपर्यंत पुढे जायचे आणि मग मागे येऊन भरायचे.