हिमनदीची जाडी गुरुत्वावरून काढताना

बर्फाची घनता सुमारे ०.९१७ आणि खडकाची साधारणपणे २.६७ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर असते. त्यामुळे खडकाच्या जागी बर्फ असलेल्या ठिकाणी गुरुत्व किंचित कमी भरते, आणि या तुटीवरून बर्फाची जाडी काढणे हा माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय होता. सपाट आणि विस्तीर्ण थर मानला तर शंभर मीटर बर्फामागे सुमारे ७.३ मिलिगॅल (गुरुत्व मोजण्याचे एक लहान एकक) तूट येते. पृथ्वीचे एकूण गुरुत्व नऊ लाख अठ्ठ्याहत्तर हजार मिलिगॅलच्या घरात असल्याने ही तूट लाखात एक भागही भरत नाही.

मूळ वाचने हिमाचल प्रदेशातील लाहौलमधील एका हिमनदीवर पूर्वी घेतलेली होती आणि ती मला मार्गदर्शकांमार्फत मिळाली. परंतु वाचन कसे घेतात हे हाताने केल्याशिवाय आकडे हाती घेऊ नयेत, असा त्यांचा आग्रह होता. तो योग्यच होता असे मला आजही वाटते. म्हणून उसन्या ग्रॅव्हिमीटरवर, म्हणजे गुरुत्व मोजणाऱ्या उपकरणावर, सोलापुरातच सराव केला. उपकरणाचे वाचन वेळेनुसार हळूहळू सरकते, शिवाय भरती आणणाऱ्या चंद्रसूर्याच्या ओढीचा परिणाम दिवसभरात ०.३ मिलिगॅलपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे ठरावीक वेळाने मूळ स्थानकावर, म्हणजे मापन सुरू केलेल्या जागी, परतावे लागते. तळमजल्यावरून गच्चीवर गेल्यास दर मीटरला सुमारे ०.३ मिलिगॅल घट दिसते, आणि सोलापूरच्या अक्षांशावर उत्तरेकडे एक किलोमीटर सरकल्यास सुमारे ०.४७ मिलिगॅल वाढ अपेक्षित असते. पुणे रस्त्यावरील अवजड वाहनांनी मात्र वाचने पुन्हा पुन्हा घ्यायला लावली.

सोलापूरच्या केगावच्या माळावर वाचनात करायची एक दुरुस्ती जवळजवळ शून्य येते, ती म्हणजे भोवतालच्या उंचसखलपणाची. लाहौलमध्ये खरी कसोटी तिचीच लागली. दरीच्या उंच भिंती आपल्या वस्तुमानाने उपकरणाला वरच्या दिशेने ओढतात, त्यामुळे वाचन कमी येते, आणि हा परिणाम काही ठिकाणी बर्फाच्या तुटीशी बरोबरी करू शकतो. प्रत्येक स्थानकाभोवतीचा भूभाग संगणकावर तुकड्यातुकड्यांनी मोजण्यात प्रबंधाचा बहुतेक काळ गेला.

उंचीचा प्रश्न तितकाच चिवट होता. सर्व खडकच आहे असे धरून केलेल्या हिशेबात उंची दहा मीटरने चुकली, तर जवळजवळ दोन मिलिगॅलचा फरक पडतो, आणि तो बर्फाच्या भाषेत सुमारे २७ मीटर होतो. मला सहज मिळालेले उंचीचे नकाशे फेब्रुवारी २०००च्या अवकाशयान मोहिमेचे होते. हिमनदीचा पृष्ठभाग मात्र दरवर्षी बदलतो. म्हणून वाचनाच्या वेळी प्रत्यक्ष मोजलेल्या उंचीच मी ग्राह्य धरल्या.

यानंतर सपाट थराचे सूत्र सोडून द्यावे लागले, कारण अरुंद दरीतील बर्फ अमर्याद थरासारखा पसरलेला नसतो आणि त्या सूत्राने जाडी खऱ्यापेक्षा कमी येते. त्याऐवजी १९५९ साली तलवाणी आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीने दरीचा आडवा छेद बहुभुजाच्या रूपात घेतला आणि मोजलेली तूट जुळेपर्यंत त्याचा तळ वर-खाली केला. येथे प्रामाणिकपणे सांगायला हवे, की एकाच तुटीला अनेक तळ जुळतात. भोवतालच्या खडकाची घनता २.६७ ऐवजी २.७५ मानली तर जाडी चार-पाच टक्क्यांनी बदलते; परंतु डोंगररांगेच्या खोल मुळाशी निगडित असा प्रादेशिक कल, म्हणजे मोठ्या भागावर गुरुत्वात हळूहळू होणारा बदल, एका मिलिगॅलने चुकला, तर तेरा-चौदा मीटरचा फरक पडतो. त्याच भागातील छोटा शिग्री हिमनदीवर रडारने सुमारे १२४ ते २७० मीटर जाडी मोजली गेली आहे, हे लक्षात घेतल्यास हा फरक दुर्लक्षण्याजोगा नाही.

परीक्षकांनी तोंडी परीक्षेत नेमका एक आकडा मागितला. मी किमान आणि कमाल जाडीचे दोन छेद दाखवले आणि त्यांच्यातील अंतर प्रादेशिक कलामुळे कसे पडते ते मांडले. मला मिळालेल्या वाचनांत दोन्ही काठांवरील उघड्या खडकावरची स्थानके मोजकीच होती. ती अधिक असती तर तो कल घट्ट बसवता आला असता. पुढे कोणी असे मापन आखणार असेल, तर बर्फावरची काही स्थानके कमी करून ती काठांवर द्यावीत.