आमची वाटचाल : समई आणि सिलिंडर

ठाण्यात नौपाड्यातील एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, रुग्णाला घरी लागणारे साहित्य भाड्याने देण्याचा आमचा व्यवसाय तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. ऑक्सिजनचे सिलिंडर, डोक्याकडून वर होणारे बेड, घशातला कफ ओढून काढणारे सक्शन मशिन, हवेच्या गाद्या, वॉकर आणि कमोडच्या खुर्च्या एवढाच आमचा पसारा. तो बाबांनी उभा केला. बाबांना जाऊन आता दोन वर्षे होतील, आणि ही हकिगत बहुतांशी त्यांचीच आहे.

बाबा वागळे इस्टेटमधील एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला होते. वागळे इस्टेट ही राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत. तिथे एके काळी भोंग्यावर घड्याळे लावत. गॅस कटिंगसाठी येणारे सिलिंडर मोजून घेणे, रिकामे परत पाठवणे आणि त्यांची नोंद ठेवणे हे त्यांचे काम होते. कारखान्याला टाळे लागले तेव्हा हाती आलेल्या पैशांत त्यांनी काळ्या अंगाचे, पांढऱ्या खांद्याचे चार वैद्यकीय सिलिंडर घेतले. वैद्यकीय ऑक्सिजन कायद्याने औषधात मोडतो आणि त्याची शुद्धता किमान ९९ टक्के असावी लागते, त्यामुळे लोखंड कापण्याच्या सिलिंडरवर काम चालवू पाहणाऱ्यांना बाबांनी कधी जवळ केले नाही. आरंभीची वाहतूक हातगाडीवर होती आणि नौपाडा, चरईतल्या त्या वेळच्या इमारतींना लिफ्ट नव्हती. मोठा सिलिंडर रिकामासुद्धा पन्नास किलोच्या वर भरतो. तो दोघांनी तिसऱ्या मजल्यावर चढवताना जी पाठ धरली ती बाबांची शेवटपर्यंत सुटली नाही.

ते माळकरी होते. आजोबांकडून आलेली तुळशीची माळ, एकादशी, संध्याकाळी घरी सगळ्यांनी मिळून म्हणायचा हरिपाठ, आणि आषाढात ज्ञानोबांच्या पालखीबरोबर पुण्याहून दिवे घाट चढून सासवडपर्यंत जाऊन परत येणे, इतकी त्यांची उपासना होती. पूर्ण वारी त्यांना कधीच घडली नाही, कारण तेवढे दिवस सिलिंडर कोण पोचवणार हा प्रश्न दर वर्षी असे. फोन उचलताना ते ‘माउली’ म्हणत, आणि गिऱ्हाईकही त्यांना त्याच नावाने हाक मारत. आमचे मूळ नाव ठाऊक नसलेली घरे ठाण्यात आजही सापडतील.

सकाळी पूजा आटोपली की बाबा मोरीत जाऊन साबणाने दोनदा हात धूत आणि कोरड्या फडक्याने बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसत. लहानपणी मला ते सोवळे वाटे. खरे कारण असे की, समईत तेल घातलेल्या हाताने सिलिंडरच्या व्हॉल्व्हला शिवायचे नसते; दाबाखालच्या ऑक्सिजनशी तेलाची गाठ पडली तर भडका उडू शकतो. वॉशर नीट बसला आहे का हे पाहायला ते जोडावर साबणाचा फेस लावत आणि बुडबुडा येतो का ते चष्मा कपाळावर सरकवून, अगदी नाक टेकवून पाहत. नव्या मुलाला कामावर घेतल्यावर पहिला आठवडा त्याने फक्त फेस लावायचा, असा नियम होता, आणि तो मी बदललेला नाही.

गिऱ्हाइकाच्या घरी मात्र खरी परीक्षा दिव्याची होई. जुन्या ठाण्यातील दोन खोल्यांच्या घरात आजारी माणूस आणि देवघर बहुधा एकाच खोलीत असत. ऑक्सिजन चालू असताना जवळ ज्योत चालत नाही हे सांगितले की घरातली वडीलधारी मंडळी बिथरत, कारण माणूस अंथरुणाला खिळलेला असताना नंदादीप शांत करणे म्हणजे अपशकुन. डॉक्टरांनी बजावूनही न ऐकणारी घरे बाबांचे ऐकत. ते चपला बाहेर काढून देवासमोर बसत, हात जोडत, आणि स्वतःच समई उचलून स्वयंपाकघराच्या ओट्याच्या टोकाला नेऊन ठेवत. उथळसरच्या एका आजींनी त्यांना अडवले तेव्हा मी सोबत होते. बाबा म्हणाले, “आजी, पांडुरंग अठ्ठावीस युगे विटेवर उभा आहे, त्याला स्वयंपाकघरापर्यंतचा उजेड दिसत नाही होय?” आजी हसल्या नाहीत, पण दिवा तिथेच राहिला. गळ्यात माळ नसती तर ते बोलणे त्यांना शोभले नसते, आणि आम्हाला तर आजही शोभत नाही. आम्ही छापील सूचना देतो आणि सही घेतो.

हिशेबात ते चोख होते. दहा लिटरच्या सिलिंडरमध्ये दाबाखाली साधारण १५०० लिटर वायू मावतो, म्हणजे मिनिटाला दोन लिटर लावले तर साडेबारा तास. हे गणित ते प्रत्येक घरी कागदावर मांडून भिंतीला चिकटवत आणि सिलिंडर रात्री किती वाजता संपेल ते ठळक लिहीत. त्या वेळेच्या तासभर आधी ते दारात असत. माझ्या साखरपुड्याला पंगत बसली असताना ते कळव्याला निघून गेले, ते मंडळी परतल्यावरच आले. आईने ते मनावर घेतले नाही. मी घेतले, आणि बरीच वर्षे धरून ठेवले.

एका बाबतीत मात्र त्यांचे मला आजही पटत नाही. भाडे देऊ न शकणाऱ्यांच्या नोंदीपुढे ते ‘वि’ एवढेच अक्षर लिहीत. वि म्हणजे विठ्ठल. ते खाते त्याच्या नावावर. माणूस गेलेल्या घरी तेराव्यापर्यंत साहित्य मागायचे नाही, त्या दिवसांचे भाडे लावायचे नाही, हाही त्यांचाच नियम. वह्या संगणकावर चढवताना मी त्या ‘वि’ची बेरीज केली. तेवढ्यात एक जुना टेम्पो आला असता. त्या काळात आई शिलाईकाम करत होती आणि आमच्या शाळेची फी उशिरा भरली जात होती, हे त्या बेरजेशेजारी लिहिलेले नाही.

एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, आमचे सगळ्यांत मोठे भांडण झाले. मिनिटाला दहा लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो दहा लिटरचा सिलिंडर अडीच तासही पुरत नव्हता. २२ एप्रिलपासून केंद्राने काही अपवाद सोडून कारखान्यांचा ऑक्सिजन बंद केला, तरी भरण्याच्या केंद्राबाहेर आमचा टेम्पो रात्रभर रांगेत असे. बाजारात भाडी चौपट झाली होती. मी म्हटले, निदान आगाऊ रक्कम घेऊ. बाबांनी जुन्या दराचा फलक शटरवर स्वतः चिकटवला आणि माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मी त्यांना न जुमानता कर्ज काढून वीस कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढणारी यंत्रे, घेतले. लाट ओसरल्यावर त्यांतले बरेचसे धूळ खात पडले आणि हप्ते मात्र चालू राहिले. त्यावरून बाबांनी मला एका शब्दाने टोचले नाही. दर रविवारी ते एकेक यंत्र उघडून त्याची जाळी धुऊन वाळत घालत.

पुढे त्यांचेच हृदय थकले. शेवटचे अकरा दिवस ते घरी, आमच्याच बेडवर होते. ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या बाटलीतले पाणी रोज बदलले का, हे ते खुणेने विचारत. पहिल्याच दिवशी आईने न सांगता समई स्वयंपाकघरात नेली होती.

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी चरईतून फोन आला. नातेवाईक म्हणाले, सुतकात दुकान उघडायचे नसते. आई कोपऱ्यातून उठली, वही काढली, आणि बाबांच्या उशाशी उभा असलेला भरलेला सिलिंडर मुलांना न्यायला सांगून तिने त्याचा क्रमांक आणि वेळ लिहिली. समई मात्र तेरावा झाल्यावरच देवघरात परत गेली.