एक रिंग दे

परवा दुपारी ऑफिसातला एक सर्व्हर उत्तरच देईना. पिंग मारत, म्हणजे 'आहेस का' असं त्याला विचारत बसलो होतो, स्क्रीनवर 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', परत तेच, परत तेच, आणि मला एकदम सांगलीच्या घरातला काळा फोन आठवला, आत्याने विणलेलं क्रोशाचं कव्हर घातलेला.

बाबा रविवारी रात्रीच्या एसटीने पुण्याला जायचे. पोचले की एक रिंग. आपण उचलायचा नाही. एकदा वाजून बंद पडला म्हणजे पोचलो, लगेच परत वाजला तर उचला, काम आहे. एसटीडीचे पैसे वाचायचे, बूथवाला तोंड वाकडं करायचा म्हणे. एकदा आत्याने सवयीने पहिल्याच रिंगला उचलून 'हॅलो' केलं, तर तिकडून बाबा ओरडले, "ठेव!" झालं, तेवढंच बोलणं.

टीसीपीचं, म्हणजे नेटवर दोन कॉम्प्युटरांनी एकमेकांशी कसं बोलायचं त्या नियमांचं, तरी काय वेगळं असतं? १९८१ च्या सप्टेंबरमधल्या आरएफसी ७९३ नावाच्या नियमांच्या कागदात लिहून ठेवलंय. हा विचारतो बोलू का, तो म्हणतो बोल, माझं येतंय ना ऐकू, हा म्हणतो येतंय, मग पुढच्या गप्पा. पाठवलेल्याची पोच आली नाही की परत पाठवायचं, पण, हे नंतरच्या नियमांत आलं, आधी एक सेकंद थांबून, मग दोन, मग चार, आठ, रस्त्यात गर्दी असेल तर आपण त्यात भर घालू नये म्हणून. हा समजूतदारपणा आमच्या आईत नाही. रिंगला उशीर झाला की ती आधी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायची, मग पाच, मग फोनसमोरच बसायची.

आणि ठेवतानाची गंमत तर बघा. हा म्हणतो ठेवतो, तो म्हणतो बरं, मग तो म्हणतो मीपण ठेवतो, हा म्हणतो बरं, आणि हे शेवटचं 'बरं' वाटेत हरवलं असलं तर म्हणून हा आणखी थोडा वेळ तसाच थांबतो. त्याला टाइम-वेट म्हणतात. आमच्याकडे पाहुणे चपला घालून दारात अर्धा तास उभे असतात, ते हेच.

गेल्या महिन्यात नागपूरला उतरल्यावर आईला व्हॉट्सअ‍ॅपवर 'पोचलो' टाकलं. दोन टिका आल्या, निळ्यापण झाल्या. तरी तिचा फोन.

"अगं मेसेज बघितलास ना?"

"बघितला की. मेसेज पोचला. तू पोचलास का?"

सर्व्हरचं म्हणाल तर झाडताना कुणाच्या तरी पायाने केबल निघाली होती.