सहावा प्रयत्न: इचिबो, बिडाचा तवा आणि नारळाचा वास

तीन आठवड्यांनी लिहितेय. मधल्या काळात दोनदा वाग्यू, म्हणजे जाळीदार चरबीचं जपानी बीफ, केलं. एकदा फसलं. दुसऱ्यांदा जे जमलं, ते आधीच्या चार वेळांत एकदाही जमलं नव्हतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगते, मी टोकियोत राहते, मूळची वसईची. आमच्याकडे बीफ म्हणजे बाटली मसाला (वसईकडचा घरगुती तिखट मसाला) लावून मंद आचेवर दोन-अडीच तास शिजवायचं. 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर तिकडे म्हशीचंच मिळतं आणि त्याला तेवढा वेळ द्यावाच लागतो. चार मिनिटांत तव्यावरून उतरणाऱ्या मांसाची माझ्या हाताला सवय नव्हती.

पाचव्या वेळी मी तीन सेंटिमीटर जाडीचा सरलॉइन (पाठीकडचा तुकडा) आणला, तव्यात तेल घातलं आणि आत लालबुंद ठेवला. कापल्यावर मधली चरबी तशीच पांढरी, मेणासारखी. दोन घासांत जिभेवर थर बसला. साध्या बीफला कच्चट लाली शोभते, पण इथे निम्मी चव चरबीत असते आणि ती वितळलीच नाही तर चव कुठून येणार? शिवाय तवा ऐन तापल्यावर शेगडीची ज्योत आपोआप बारीक झाली. जपानमध्ये 2008 पासून घरगुती गॅस शेगडीच्या प्रत्येक बर्नरला तापमापक सेन्सर असतो. भांड्याचा तळ 250 अंशांच्या आसपास गेला की तो आच कमी करतो. माझं मांस बाहेरून खरपूस न होता पाण्यात शिजल्यासारखं राखाडी झालं.

या वेळी इचिबो घेतला, म्हणजे जनावराच्या पुठ्ठ्याचा वरचा भाग. दक्षिण जपानच्या कागोशिमाचं कुरोगे (काळ्या केसांच्या जातीचं) वाग्यू, दर्जा ए5, 180 ग्रॅम, जाडी दोन सेंटिमीटर. ‘ए’ हे अक्षर जनावरामागे मांसाचा उतारा किती ते सांगतं, चवीशी त्याचा संबंध नाही. दर्जा सांगतो तो 5. मांसात पसरलेल्या चरबीच्या जाळीची मोजणी वेगळी, 1 ते 12, आणि 5 मिळायला जाळी किमान 8 लागते. कोबे बीफला जाळी 6 असली तरी चालते, मात्र जनावर ह्योगो प्रांतातल्या (कोबे शहर तिथलंच) ताजिमा वंशाचंच हवं. पाकिटावरच्या दहा आकडी क्रमांकावरून जनावर कुठे जन्मलं, कुठे वाढलं ते शोधता येतं. मी दर वेळी शोधते.

फ्रिजमधून फक्त पंधरा मिनिटं आधी काढलं. जास्त वेळ बाहेर ठेवलं की ही चरबी मऊ पडते, नुसतं बोट लावलं तरी बोट चकचकीत होतं. कडेची चरबी कापून बिडाच्या तव्यावर फिरवली, तेलाचा थेंबही नाही. शेगडीचं जास्त तापमानाचं बटण दाबून ठेवलं, मग ज्योत टिकली. मीठ अगदी तव्यात टाकताना. एका बाजूने दीड मिनिट, दुसऱ्या बाजूने सव्वा, कडा चिमट्याने उभ्या धरून. मांसात खुपसलेला थर्मामीटर 53 अंशांवर असताना उतरवलं, जाळीवर तीन मिनिटांत 57 झालं. कापल्यावर पांढऱ्या रेषा काचेसारख्या पारदर्शक दिसल्या. तेव्हाच कळलं, जमलंय.

आणि वास! जपानी लोक याला ‘वाग्यूको’ म्हणतात. गोडसर, ओल्या नारळाची आठवण करून देणारा. तो लॅक्टोन नावाच्या संयुगांमुळे येतो, आणि नारळाच्या वासातही लॅक्टोनच असतात. वसईच्या घरात नारळ खवताना येणारा वास टोकियोच्या स्वयंपाकघरात मांसातून यावा, याने मी खरंच भारावले.

मांसाच्या धाग्यांना आडवे, बोटाच्या रुंदीचे तुकडे केले. सोबत जाड मीठ आणि किसलेली ताजी वासाबी (झणझणीत जपानी कंद). एका तुकड्याला चिमूटभर बाटली मसाला लावून पाहिला, पण त्याने वास पार झाकला, तो इथे नको. दोघांत 180 ग्रॅम पुरून उरलं. प्रत्येकी 100 च्या वर घेऊ नका, पुढचे घास जड जातात.

तव्यात उरलेली चरबी गाळून बरणीत ठेवली, दुसऱ्या दिवशी लसूण घालून भात परतला.

पुढच्या वेळी कान्साई (ओसाका-क्योटोकडच्या) पद्धतीचं सुकियाकी, म्हणजे गोडसर सोयातलं पातळ कापांचं बीफ: तव्याला चरबी लावून आधी मांस, त्यावर साखर, मग सोया सॉस. पातळ कापांमध्ये हा वास आणखी खुलतो म्हणतात. काप किती पातळ घ्यावेत, कुणी करून पाहिलं असेल तर नक्की सांगा.